काढून मिळेल, पण वेळ लागेल

कळंबोलीच्या एका गाळ्यात काकांच्या शेजारी मी तीन वर्षं बसले. हा माणूस शहाणा की चक्रम, मायाळू की निव्वळ हट्टी, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. आता ती गाळ्यांची रांगच राहिलेली नाही. माझं दुकान पनवेलमध्ये आलं आणि काका गुडघ्यांमुळे घरी बसले, कोन गावाच्या पलीकडे त्यांच्या गावात. परवा एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवरचं किमतीचं स्टिकर मी नखानं खरवडायला गेले. निम्मं निघालं, निम्मं पांढऱ्या लगद्यासारखं तिथंच राहिलं. काका असते तर माझ्या हातावर चापट मारून म्हणाले असते, "नख कशाला लावतंस? ते काय खरूज हाय?"

तेव्हा मी कळंबोलीला ट्रक टर्मिनलजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान नुकतंच टाकलं होतं. पूर्ण गाळा परवडणारा नव्हता, म्हणून अर्धाच घेतला. उरलेल्या अर्ध्यात काका आधीपासून होते. त्यांचं काम रेडियमचं. गाड्यांवर चिकटवायच्या त्या चमकत्या कागदाला आमच्याकडे सगळे रेडियमच म्हणतात. नंबर प्लेट, मागच्या काचेवरचं देवाचं नाव, ट्रकच्या फाळक्यावरच्या लाल-पांढऱ्या पट्ट्या, सगळं ते हातानं कापायचे. पण त्यांच्या पाटीवर लिहिलेलं होतं, "येथे स्टिकर लावून व काढून मिळतील", आणि त्यात "काढून" हा शब्द बाकीच्यांपेक्षा दुप्पट मोठा होता.

आमच्या दोघांच्या मधे एक काचेची भिंत होती, छातीपासून डोक्याच्या वर थोडीशी. छतापर्यंत पोचत नव्हती. ती मी पहिल्या दिवशी वर्तमानपत्रानं घासून लख्ख केली. जेवून आले तर तिच्यावर वाघ होता, "आई एकवीरा प्रसन्न" होतं, दोन त्रिशूळ होते आणि एक डोळा मारणारं लिंबू होतं. सगळी तोंडं त्यांच्या बाजूला. माझ्याकडून वाघाची नुसती पांढरी पाठ दिसत होती.

"काका, हे काय?"

"नमुने हायेत. गिऱ्हाइकाला दाखवायला नको?"

"पण काच माझीपण आहे ना!"

"मग तुज्या बाजूनं तू लाव. मी कुठं नाय म्हनतंय?"

माझ्याकडे लावायला काय होतं? शेवटी मी आधार आणि पॅनची माहितीपत्रकं लावली. त्यामुळे काच दोन्हीकडून बंद झाली. फटीफटीतून एकमेकांचे तुकडे दिसायचे. त्यांचा एक कान, हातातली कात्री, नाकावर उतरलेला चष्मा. आवाज मात्र काचेवरून सरळ इकडे यायचा. त्यामुळे त्यांच्या गिऱ्हाइकांशी होणारी सगळी भांडणं मला तोंडपाठ झाली.

भांडणं व्हायचीच, कारण काका प्रश्न विचारायचे. मोटारसायकलवर "प्रेस" लिहून मागायला एकजण आला.

"कंच्या पेपरात हायस?"

"पोर्टल आहे आमचं."

"बातमी दाखव एक."

"काका, तुम्ही स्टिकर लावता की चौकशी करता?"

"आधी चौकशी. मग स्टिकर."

तो शिव्या देत गेला. चार दुकानं सोडून पलीकडे लावून घेतलं आणि मुद्दाम आमच्या समोरून हॉर्न वाजवत गेला. काका शांतपणे मला म्हणाले, "टिकनार नाय बग ते." ते तीन वर्षं टिकलं. मी रोज बघायचे. काकांना दाखवलं की ते म्हणायचे, "अजून थांब."

डॉक्टरचं लाल चिन्ह मागणाऱ्या एका बाईंना त्यांनी स्वतःचा गुडघा दाखवला होता. त्या खरंच डॉक्टर निघाल्या. पण दातांच्या. काकांनी तोंड उघडून दाढ दाखवली, त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं की ही काढावी लागेल, आणि मग काकांनी त्यांच्या गाडीवर चिन्ह इतकं सुबक लावलं की त्या पुढं दिवाळीला फराळ घेऊन आल्या. दाढ मात्र काकांनी काढली नाही.

त्यांचं खरं प्रेम होतं काढण्यावर. लोक नाना वस्तू घेऊन यायचे. नव्या स्टीलच्या डब्याच्या बरोबर पोटावर लावलेलं लेबल, सोसायटीच्या पार्किंगचं गाडीच्या काचेवरचं जुनं स्टिकर, पोरांनी कपाटाच्या आरशाला लावलेली कार्टून, फ्रीजवरचे तारे, पोलिसांनी हटकल्यावर उतरवायची काळी फिल्म. काकांचं सामान अगदी साधं. केस वाळवायचं मशीन, खोबरेल तेल, एक बाद झालेलं प्लास्टिकचं कार्ड, नायलॉनचा दोरा आणि घासलेटची छोटी बाटली. ब्लेडला ते हात लावत नसत. आधी मशीननं ऊब द्यायची, एक कोपरा उचलायचा आणि मग इतकं हळू ओढायचं की बघणाऱ्याचा जीव जावा. मधेच थांबून ते वस्तूशी बोलायचे. "ये, ये. घाबरू नको." निघालेलं अख्खं स्टिकर हातात घेऊन उजेडात धरायचे. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मी लग्नात नवऱ्यामुलाच्या चेहऱ्यावरही फारसं पाहिलेलं नाही.

अशा माणसाच्या घरी मी एकदा गेले, गावच्या जत्रेला. आणि चक्रावूनच गेले. सगळ्या खिडक्यांच्या काचांवर काचकंपनीची स्टिकरं तशीच. टीव्हीच्या कोपऱ्यावर त्याचे गुण सांगणारं पिवळं लेबल, त्यामुळे क्रिकेटचा स्कोअर दिसत नाही. फ्रीजवर तारे, वॉशिंग मशीनच्या बटणांवर सुरकुतलेलं प्लास्टिक. काकी पाण्याचा तांब्या देत म्हणाल्या, "बगितलंस? जगाच्या काचा सोलतंय हा मानूस, आनि आमी घरात हाय हे असं."

"काका, हे का नाही काढत?" मी विचारलं.

"ते कंपनीनं लावलंय. आपन कोन काडनारे?"

दुसऱ्या दिवशी दुकानात पुन्हा विचारलं तर म्हणाले, "काडलं तर ते नवीन हाय हे कसं कळंल?" पुढच्या आठवड्यात तिसरं उत्तर आलं, "काकीला आवडतं." काकींना आवडत नव्हतं हे मी कानांनी ऐकलं होतं. स्वतःच्या मोबाइलवरची, दुकानातून आलेली फिल्मसुद्धा काकांनी कधी काढली नाही. तिच्यात इतके फुगे आले होते की मेसेज वाचायला ते माझ्याकडे यायचे. "यात काय लिवलंय बग गो बाय."

माझ्यावर त्यांनी एकदा उपकारही केले. मराठी टायपिंगला माझा हात तेव्हा बसलेला नव्हता. मी बँकेत गेले असताना त्यांनी माझ्या कीबोर्डवर देवनागरी अक्षरांची स्टिकरं चिकटवून ठेवली. एकेक अक्षर सरळ रेषेत. फक्त "व" आणि "ब" यांची अदलाबदल झाली होती. मी बटणांकडे बघून भरवशानं टाइप करत गेले आणि एका सद्गृहस्थांचं वाघमारेचं बाघमारे करून मोकळी झाले. ते तणतणत आले. मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "लावलं मी. पन वाचायचं काम कुनाचं?" आणि ते बरोबरच होतं. मला राग आला आणि कुणावर काढावा ते कळेना. काकांच्या बाबतीत माझं नेहमी असंच व्हायचं.

पण मला सांगायचं आहे ते टेंपोवाल्याबद्दल.

तो रोडपालीचा. लोखंडाच्या बाजारात त्याचा एक टेंपो चालायचा. पन्नाशीचा, दणकट, कमी बोलणारा माणूस. टेंपोच्या पुढच्या काचेवर, वरच्या अंगाला, लांबून वाचता येईल एवढं मोठं नाव होतं, "सायली". ते त्याच्या मुलीचं. ती दहावीत असताना टेंपो घेतला होता आणि ते नाव काकांनीच कापून लावलं होतं. एका दुपारी तो आला आणि दारातूनच म्हणाला, "काका, समोरचं नाव काढायचं."

"का?"

"काढायचं म्हटलं ना."

"टेंपो इकला?"

"नाही."

"पोर बरी हाय ना?"

काकांनी कात्री खाली ठेवल्याचा आवाज मला आला. मग तो म्हणाला, "तिनं परस्पर लग्न केलं. घरी न सांगता. आमच्यासाठी ती संपली."

"संपली म्हंजे? मेली?"

"काका!"

"इचारतंय मी. मेलेल्या मानसाचं नाव मी लगेच काडून देतंय. जित्याचं काडायला येळ लागतो."

टेंपो गाळ्यांच्या मागं सावलीत लावला होता. काका वायर लांब करून मशीन घेऊन गेले. मीही गेले, झेरॉक्सला कुणी नव्हतं. त्यांनी शेवटचं अक्षर ऊब देऊन अलगद सोलून काढलं. मग मशीन बंद केलं.

"पुढचं?" टेंपोवाल्यानं विचारलं.

"गोंद जुना हाय. आठ दिवसांनी ये."

"अहो, एवढ्यात झालं की एक अक्षर!"

"म्हनूनच. घाई केली तर काच जाईल."

टेंपो गेला. काचेवर आता "साय" उरलं होतं.

मी काकांना म्हटलं, "खरंच आठ दिवस लागतात?"

"तुला रेडियममधलं काय कळतं?"

"काही नाही."

"मग?"

पुढचा आठवडा त्या माणसाचे हाल झाले. लोखंडाच्या बाजारात हमालांना विषयच मिळाला. "काय शेठ, दुधाचा धंदा चालू केला का?" "साय कुठं, दूध कुठं?" हे मला त्यानंच सांगितलं, चौथ्या दिवशी झेरॉक्सला आला तेव्हा. सांगताना हसण्याचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मी म्हटलं, "मग दुसऱ्या दुकानात जायचं ना. ते पाच मिनिटांत काढतात."

"गेलो होतो," तो म्हणाला. "तो ब्लेड घेऊन आला. नावावर टेकवणार, तेवढ्यात मी म्हटलं, राहू दे."

"का?"

"काचेला ओरखडे पडले असते ना."

मी त्याच्या टेंपोची ती काच पाहिली होती. तिला एका कोपऱ्यात वीतभर तडा होता.

आठवडा झाल्यावर तो परत आला. भर दुपार होती, टेंपो बाजारातून उन्हातून आलेला. काका म्हणाले, "काच तापलीय. जरा निवू दे. बस." त्याला स्टुलावर बसवलं, चहा सांगितला आणि स्वतः एका स्टीलच्या डब्याचं लेबल काढत बसले. केस वाळवायच्या मशीनची घरघर चालू होती.

तेवढ्यात माझ्या काउंटरवर एक मुलगी आली. साधा पंजाबी ड्रेस, हातात नवा हिरवा चुडा, खांद्यावर ऑफिसची बॅग. "आधारवरचा पत्ता बदलायचाय," ती म्हणाली.

"नाव?"

"सायली."

माझा हात कीबोर्डवर थांबला. सायली नावाच्या पुष्कळ मुली असतात, असं मी मनाला सांगितलं. पण वडिलांचं नाव तिनं सांगितलं आणि तेच नाव मागच्या आठवड्यात मी टेंपोच्या कागदाच्या झेरॉक्सवर पाहिलं होतं. आणि त्याच क्षणी पलीकडची घरघर थांबली. वीज गेली नव्हती. माझा पंखा फिरत होता.

वाघ आणि त्रिशूळ यांच्यामधल्या फटीतून मला चहाचा ग्लास धरलेला एक हात दिसत होता. तो अजिबात हलत नव्हता. मुलीला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. तिच्यासमोर नुसती माहितीपत्रकं होती. तिला सांगावं का? उठून तिला बाहेर न्यावं का? तो माणूस उठून आला तर काय करेल? मी आपली फॉर्म भरत राहिले.

"लग्न झालंय ना? मधलं नाव बदलायचं का? बऱ्याचजणी नवऱ्याचं लावतात."

"नको. बाबांचंच राहू द्या. पत्ता तेवढा बदला."

"नंतर पुन्हा यावं लागेल हं, बदलायचं झालं तर."

"नाही बदलायचं," ती म्हणाली. मग थोडं हसून, "घरून मी काहीच घेऊन निघाले नाही. एवढं तरी असू दे."

मी नवा पत्ता लिहिला, तिच्या मोबाइलवर आलेला आकडा टाकला, पावती दिली. ती रस्त्याच्या बाजूनं निघून गेली. मागं सावलीत उभा असलेला टेंपो तिला दिसणं शक्यच नव्हतं.

मला वाटलं, आता पलीकडचा टेंपोवाला उठेल आणि तिच्या मागं धावेल. सिनेमात धावतात तसं. त्यानं ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "काका, काढा. सगळं काढा."

"आत्ता?"

"आत्ता."

काका उठले. कुठलाही प्रश्न न विचारता मशीन घेऊन मागं गेले आणि पंधरा मिनिटांत दोन्ही अक्षरं काढली. पंधरा मिनिटांत! गोंद जुना नव्हता, काही नव्हतं. मी मागं उभी राहून बघत होते आणि मला रडूच यायचं बाकी होतं. टेंपोवाला लांब जाऊन पाठमोरा उभा होता.

"काका, आठ दिवस थांबवलंत, लोकांनी त्याची टिंगल केली. आणि आज, तिचं एवढं ऐकल्यावर काढून दिलंत? मग थांबवलं कशाला?"

काका दोरा गुंडाळत होते. "त्या दिवशी तो न ऐकता मागत व्हता. आज ऐकून मागतोय. आता मी कोन नाय म्हननारा?"

त्यांना मी निर्दय म्हणणार होते, पण गुंडाळता गुंडाळता त्यांच्या हातातून दोरा दोनदा सुटला.

मी काउंटरवर परत आले, तर टेंपोवाला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "तिनं पत्ता काय टाकला?"

आता खरी भीती वाटली. तो पत्ता माझ्या स्क्रीनवर होता. इमारत, मजला, खोली, सगळं. मी स्क्रीन त्याला दिसणार नाही अशी फिरवली. "तो मी नाही देऊ शकत."

"मी बाप आहे तिचा."

"तरीही नाही."

"मी काय तिला मारायला जातोय?"

हे त्यानं ज्या आवाजात विचारलं तो आवाज रागाचा होता की दुसऱ्या कशाचा, हे मी आजही सांगू शकणार नाही. पेपरात आपण काय काय वाचतो. मी काकांकडे पाहिलं. ते दारात येऊन उभे होते. म्हणाले, "देऊ नको. तिला फोन लाव. तिनं सांगितलं तर दे."

मी फोन लावला. तिनं लगेच उचलला. "फॉर्ममध्ये काही चुकलं का?"

"नाही. तुमचे वडील इथं आलेत. तुमचा पत्ता मागतायत. मी दिलेला नाही."

फोनवर मागं रिक्षाचा आवाज येत होता. मग तिनं हळूच विचारलं, "रागात आहेत का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा जबडा घट्ट होता आणि डोळे माझ्या फोनवर होते. "मला कळत नाहीये," मी खरं तेच सांगितलं.

"मैत्रीण म्हणाली, टेंपोवर नुसतं साय राहिलंय. अजून आहे, का तेही काढलं?"

आत्ताच काढलं म्हणून सांगितलं तर ती फोन ठेवणार. नाही म्हटलं तर खोटं. काकांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"पोरी, मी रेडियमवाला बोलतोय. काडलं. मीच काडलं, आत्ता. पन वाचता येतंय."

"काय वाचता येतंय?"

"तुजं नाव. अख्खं."

ती म्हणाली, "मी येते. त्यांना तिथंच थांबायला सांगा. आणि तुम्हीपण थांबा."

फोन ठेवल्यावर मी मागं जाऊन काच पाहिली. खरंच होतं. इतकी वर्षं ऊन, धूळ आणि वायपर खाऊन काच भोवतीनं मळकट झाली होती आणि अक्षरांखाली मात्र नवी कोरी राहिली होती. रंग गेला होता, नाव राहिलं होतं. आणि आता शेवटचं अक्षरही बाकीच्यांच्या बरोबरीनं दिसत होतं. नुसत्या "साय"च्या वेळी ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ती वीस मिनिटांत आली. रिक्षातून उतरली ती बापाकडे न बघता आधी टेंपोच्या समोर जाऊन उभी राहिली. कपाळावर हाताची सावली करून वाचलं. मग काकांकडे वळून म्हणाली, "नीट काढलं नाही तुम्ही."

"मला आजवर असं कुनी बोललं नाय," काका चिडून म्हणाले. खरंच चिडले होते.

टेंपोवाला दोन पावलं पुढं आला. "गाडीत बस, घरी जाऊ."

"गाडीत नाही बसणार, बाबा. इथंच बोला. माणसांत."

मला वाटलं आता तो भडकणार. त्यानं आजूबाजूला पाहिलं. मी, काका, दोन ट्रकचे ड्रायव्हर. मग चहाच्या टपरीकडे बोट केलं. ते दोघं तिथल्या बाकावर जाऊन बसले, मधे एका माणसाची जागा ठेवून. तासभर बसले असतील. एकदा तो मोठ्यानं बोलला, एकदा ती रडली, एकदा दोघंही समोर बघत नुसते बसले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. शेवटी ती रिक्षानं गेली आणि तो टेंपोनं, दोघं दोन दिशांना. मिटलं की तुटलं, मला काहीच समजेना. मी काकांना विचारलं, "काय झालं असेल हो?"

"चहा झाला दोनदा," ते म्हणाले.

आणि ते नाव मुद्दाम ठेवलं होतं का? हे मी त्यांना किती वेळा विचारलं असेल. कारण काच घासायची पांढरी पावडर त्यांच्या फळीवर असायची, तिनं असले डाग जातात, मी स्वतः पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांनी ती डबी उघडलीच नव्हती. एकदा म्हणाले, "त्यानं नाव काडायला सांगितलं व्हतं, काच घासायला नाय." एकदा म्हणाले, "इसरलो." आणि एकदा, गुडघ्याला तेल चोळता चोळता, "इतक्या जुन्या नावाचं काय करनार गो, ते जात नाय." त्यातलं खरं कुठलं? माझं मत दर महिन्याला बदलतं.

दीडेक महिन्यानं सायली पुन्हा माझ्याकडे आली, लग्नाच्या नोंदणीचा फॉर्म घेऊन. त्या फॉर्मला तीन साक्षीदार लागतात. दोन तिच्या ऑफिसमधले होते, त्यांच्या सह्या झालेल्या होत्या. तिसरा रकाना कोरा. "थांबा जरा, येतायत," ती म्हणाली. दहा मिनिटांनी टेंपोवाला आत आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मान वर न करता त्यानं खुर्ची ओढली, खिशातून चष्मा काढला आणि फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. नवऱ्याच्या नावाशी आला तेव्हा त्यावर बोट ठेवलं. एकदा मनात वाचलं, ओठ हलले तेवढे. मग मोठ्यानं वाचलं, पूर्ण नाव, आडनावासकट. सायली खाली बघत होती. मला वाटतं ते नाव त्यानं पहिल्यांदाच तोंडातून काढलं असावं.

मग तिसऱ्या रकान्यात सही केली. साक्षीदाराचं नातं विचारलं होतं तिथं मी "वडील" लिहिलं.

ते गेल्यावर मी धावत पलीकडे गेले. काका एका बरणीवरचं लेबल सोडवत बसले होते.

"काका, बापानं सही केली! साक्षीदार म्हणून!"

त्यांनी मशीन बंद केलं. "कंच्या पेनानं?"

"काय?"

"पेन कंचं व्हतं? निळं का काळं?"

मी आठवून बघितलं. "निळं."

"बरं झालं," ते म्हणाले. "काळ्या शाईची सही झेरॉक्ससारखी दिसते. कुनाला खरी वाटत नाय."

आणि बरणी उजेडात धरून त्यांनी लेबलाचा दुसरा कोपरा उचलायला घेतला.